धडकं पातळ

लढाई पाकिस्तानशी सुरू झाली होती. पण वैजूचं वैर होतं ते पाच महिन्यांच्या नंदूशी.

वैर जुनंच. नंदू आला आणि आईची मांडी गेली. मांडी गेली, मग कुशीतली जागा गेली, मग केसांतून फिरणारा आईचा हात गेला. तो नंदूच्या पाठीवर थापट्या द्यायला गेला तो गेलाच. इतकी वर्षं जे वैजूचं एकटीचं होतं ते सगळं त्या बोळक्या तोंडाच्या, उचक्या देणाऱ्या गोळ्यानं पडल्या पडल्या बळकावलं. वर येणारी-जाणारी माणसं म्हणायची, "ताई झालीस की गं! मज्जा आहे बाई एका मुलीची!" मज्जा कसली, ते एकानंही सांगितलं नाही.

त्यात डिसेंबर लागला आणि भोंगे सुरू झाले. शिवडीच्या त्या चाळीत खिडक्यांना काळे कागद चिकटले, दिव्याला पुठ्ठ्याची टोपी बसली. चाळीपासून हाकेच्या अंतरावर तेलाच्या टाक्या. वैजूचे बाबा गोदीत कामाला. रोज येता-जाता त्यांची नजर त्या टाक्यांवर जायची. एका संध्याकाळी चपला काढता काढताच ते म्हणाले, "वैजूला चांगुणाकडं पाठवून देऊ. आसाराम गावी निघालाय, त्याच्यासोबत जाईल."

चांगुणा म्हणजे आईची थोरली बहीण. नगर जिल्ह्यात, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर दिलेली. आसाराम त्याच वस्तीवरचा, मुंबईत गिरणीत होता.

"आणि नंदू?" वैजूनं विचारलं.

"तो अंगावर पितो ना राजा," आई म्हणाली. "छातीही भरलीय त्याची. डॉक्टर म्हणाले, एसटीतली धूळ नको. बरा झाला की आम्हीपण येऊ."

वैजूनं त्याच रात्री खोकायला सुरुवात केली. घसा खरवडून खरवडून, नंदूपेक्षा मोठ्यानं.

"वैजे, पुरे. घसा फाटेल," अंधारातून बाबांचा आवाज आला.

आई हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला असावा, पण तेवढ्यात नंदू रडला आणि आई उठलीच.

वैजूचा विचार सरळ होता. आवडतं ते माणूस जवळ ठेवतं. अडचण होते ते पाठवून देतं. दिवाळीच्या आधी नाही का आईनं तुटकी खुर्ची भंगारवाल्याला दिली!

निघायच्या दिवशी घाईच घाई. घरात ट्रंक एकच, ती भरलेली. आईनं नंदूला काखेत धरून एका हातानं दोरीवरचं जांभळं पातळ ओढलं, त्यात वैजूचे फ्रॉक, कंगवा, तेलाची बाटली ठेवली आणि दात लावून गच्च गाठ मारली. काय काय सांगायचं होतं तिला. पण खाली आसाराम हाका मारत होता आणि नंदूनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं होतं. सांगायचं राहून गेलं.

एसटीनं घाट चढला तशी खिडकीतून थंडी झोंबायला लागली. वैजूनं गाठोड्यात नाक खुपसलं. आईचा वास आला. खोबरेलाचा, ओव्याच्या धुरीचा आणि दुधाचा. दुधाचा म्हणजे नंदूचाच की! इथंही आलाच, तिच्या मनात आलं. पण नाक काही तिनं बाहेर काढलं नाही. नगर गेलं, जामखेड गेलं, नाक तिथंच.

वस्तीवर पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आसारामनं तिला मावशीपुढं उभं केलं.

"घ्या आक्का. ही बनीची लेक, अन् हे तिचं गाठुडं. सांबाळा."

मावशीनं वैजूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. जेवता जेवताच वैजू पेंगली. मग मावशीनं गाठोडं सोडलं, आणि कपडे बाजूला ठेवून पातळ दिव्यासमोर धरलं.

"आवो, बगा तरी!" ती नवऱ्याला म्हणाली. "बनीनं पातळ धाडलं. म्या म्हनलं हुतं तिला, जुनंपानं आसंल तर गोधडीला दे. ध्यानात ठिवलं बगा माज्या बहिनीनं!"

सूर्यभानकाका "व्हय का" म्हणाले आणि विडी पेटवायला बाहेर गेले.

त्यात मावशीची काही चूक नव्हती. मुंबईहून माणूस आलं की जुनं धडुतं येणार, आणि त्याची गोधडी होणार, ही त्या भागातली रीतच. साखरेचा पुडा नाही आला तर चालतं, पण शहरातल्या बहिणीनं जुनेर पाठवलं नाही तर बायका विहिरीवर विचारतात, "काय गं, भांडान झालं का काय?" आणि गोधडीचं कापड आधी धुवायला लागतं. दुसऱ्या दिवशी वैजू उठायच्या आत मावशीनं ते पातळ ओढ्यावर नेऊन दगडावर आपटून आपटून धुतलं.

वैजूला ते कुंपणावर वाळत घातलेलं दिसलं. ती धावत गेली. नाक लावलं. उन्हाचा वास आला, ओढ्याचा आला. पातळ तेच, पण आई त्यातून वाहून गेली होती.

सगळ्या कपड्यांबरोबर धुतलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. रात्री आपल्याला मिळेल. पण रात्री मावशीनं तिच्या अंगावर जाडजूड वाकळ घातली. नवं घर, नवी माणसं, पातळ मागायचं कसं? मावशीच्या पाठीमागे ती आणि पोटाशी राही.

राही म्हणजे मावशीची मुलगी, वैजूच्याच वयाची. आता नंदूच्या जोडीला वैजूला ही आणखी एक मिळाली. राहीला सगळं होतं. बकरी होती, बांगड्या होत्या, झाडावर चढता येत होतं, आणि आई होती, जी तिला ओढ्यावरून, चुलीपाशी बसून, पार तुरीच्या पट्ट्यातून "राहे! आगं राहे!" अशी दिवसभर हाका मारायची. शिव्याही घालायची. वैजूला त्या शिव्यांचासुद्धा हेवा वाटे. आपली आई अशी हाक मारते त्याला आता किती दिवस झाले!

गंमत अशी, की तिकडं राहीच्याही पोटात दुखत होतं. वैजूच्या भाकरीवर तूप, राहीच्या भाकरीवर तेल. वैजूच्या अंघोळीला ऊन पाणी, राहीला "जा की, हौदावर." पण हे वैजूच्या ध्यानात आलं नाही. आपल्याच पोटात दुखत असलं की दुसऱ्याचं कण्हणं ऐकू येत नाही.

"तुला का धाडलं गं हिकडं?" राहीनं एकदा विचारलं.

"बॉम्ब पडणार आहेत म्हणून."

"मंग तुजा भाऊ?"

"तो लहान आहे."

"ल्हान हाय म्हून त्येला बाँब लागत न्हाई व्हय?" राही बकरीला पाला घालत म्हणाली. "त्योच लाडका आसंल."

वैजूनं बकरीच्या तोंडातला पाला हिसकून फेकून दिला. बकरीनं तो उचलून खाल्ला.

पोरं खर्ड्याच्या किल्ल्यात लढाई-लढाई खेळायची. भिंती आयत्या होत्या, बुरूज आयते होते. अडचण एकच, पाकिस्तान व्हायला कोणी तयार नसे. मग ती परगावची म्हणून वैजूलाच पाकिस्तान केलं. एकटी वैजू बुरजाखाली, आणि वरून राहीची सगळी फौज ढेकळं मारतेय. त्या दिवशी ती शरण आली, फ्रॉकभर माती आणि डोळ्यांत पाणी घेऊन घरी आली, आणि अंगणाच्या तोंडाशीच थांबली.

सारवलेल्या अंगणात मावशी बसली होती. पुढ्यात लहानशी गोधडी अंथरलेली, चार कोपऱ्यांवर चार दगड. आणि वरचं कापड जांभळं होतं.

"ये गं बाय, बरी आलीस," मावशी म्हणाली. "सुईत दोरा ववून दे. माज्या डोळ्याला दिसंना. बग कशी झाली नंदूची गोधडी! बारशाला येनं झालं न्हाई माजं. मावशीची गोधडी लेकराच्या अंगाखाली पायजे का न्हाई?"

"नंदूची?"

"मंग! आन् राह्यल्यालं आर्धं ठिवलंय. संक्रातीपस्तोर राहीला करीन. लई मागं लागलीया."

एका पातळाचे दोन तुकडे. एक नंदूला, एक राहीला. वैजूला काय? वैजूला दोरा ओवायचं काम.

"माझं आहे ते" हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण ते तिथंच अडकले, कारण त्यांच्या मागोमाग एक दुसरा विचार आला, आणि तो फार वाईट होता. आईनं तरी कुठं म्हटलं होतं, हे तुला म्हणून? नुसतं गाठोडं तर बांधलं होतं. कुणी सांगावं, मावशीला द्यायलाच दिलं असेल. आईनंच नंदूला दिलं असेल. राहीलासुद्धा दिलं असेल, आणि आपण एसटीभर नाक खुपसून बसलो, वेड्यासारखं!

तिनं दोरा ओवला. सुई मावशीच्या हातात दिली आणि घरामागे जाऊन बसली.

पुढचे दोन-तीन दिवस गोधडी आखडत आखडत मध्याकडं येत होती. मावशी कडेनं टाके घालत यायची, एका ओळीला लागून दुसरी, मुंग्यांच्या रांगांसारखी. आणि प्रत्येक दोरा वैजूनं ओवलेला. "माजी शानी बाय," मावशी म्हणायची. वैजू नुसती सुई पुढं करायची.

मग एका दुपारी मावशी-काका तुरी काढायला रानात गेले. गोधडी घडी घालून उतरंडीवर ठेवली होती, मधली वीतभर शिवण तेवढी राहिली होती. काकांच्या दाढीचं अर्धं पातं कोनाड्यात असतं हे वैजूला माहीत होतं.

आधी तिनं टाकेच उसवायला घेतले. एक ओळ, दुसरी ओळ. पण मावशीचे टाके असे की एक काढावा तर शेजारचा घट्ट बसावा. त्या टाक्यांवर नंदू लोळणार, त्याची लाळ गळणार, आई वरून वाकून "अगो बाई" म्हणणार. वैजूचे कान तापले. तिनं पातं मुठीत धरलं आणि जांभळ्या कापडावर सर्रकन ओढलं.

कापड ओठ उघडावेत तसं उघडलं. आतून मावशीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी डोकावली.

"आयो!"

दारात राही उभी होती. डोक्यावर शेणाची पाटी.

"आयला सांगते," राही म्हणाली. मग पाटी उतरवून जवळ आली, बोट घालून ती चीर बघितली आणि खालच्या आवाजात, जवळजवळ आदरानं म्हणाली, "लई मार खातीस आता तू. म्या गाडगं फोडलं तवा हितं वळ उठला हुता."

वैजू पळाली नाही. पातं हातातच होतं. मावशी आली, पदराला तोंड पुसलं, आणि तिला गोधडी दिसली. मग पातं दिसलं.

"का गं?" एवढंच ती म्हणाली.

वैजूनं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मार आला असता तर ते जमलंही असतं. पण "का गं" म्हटल्यावर तिचा बांध फुटला.

"ते तुला नव्हतं दिलं! मला दिलं होतं! माझ्या आईचं होतं ते! तू त्याचा वास घालवलास, मग कापलंस, मग नंदूला दिलंस, सगळं नंदूलाच, आणि उरलेलं हिला!"

"कशावरनं तुला दिलं हुतं?" राहीनं विचारलं.

तेच तर. कशावरून? वैजू हुंदक्यातच थांबली. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि असं काही रडली की बाहेर बकरीसुद्धा ओरडायला लागली.

मावशी मटकन खाली बसली. गोधडी मांडीवर घेतली आणि पातळाचा काठ बोटांत धरून चाचपू लागली. उठली, उरलेला अर्धा तुकडा काढला, दारातल्या उजेडासमोर धरला.

"आगं बया, बया," ती शेवटी म्हणाली. "म्या धुताना बगितलं हुतं. येक भोक न्हाई. कुटं विरलं न्हाई, काठ सुदिक नवा. म्हनलं, बनी लई मोठ्या मनाची झाली मुंबैत जाऊन. आपली अक्कल गेली चरायला! गोधडीला कुनी धडकं पातळ धाडतं व्हय गं? फाटकं धाडत्यात. धडकं आपन आपल्या लेकरालाच देतो, वाटनं गार लागू नये म्हून."

वैजूनं डोळे पुसले. "म्हणजे?"

"म्हंजी तुलाच दिल्तं. नेसायचं पातळ दिलं तिनं तुला. तिला तरी किती आस्तील? आन् म्या कापलं." मावशीच्या डोळ्यांना धार लागली. "तुजी आय काय म्हनंल मला!"

आईची नेसायची पातळं वैजूला पाठ होती. एक हे, एक पोपटी आणि एक लग्नातलं, ते नेसायचं नाही. म्हणजे आई आता रोज पोपटीच धुऊन नेसत असणार. ही गोष्ट वैजूच्या आत हळूहळू उतरली, आणि मग तिनं हातातल्या पात्याकडं बघितलं. मावशीनं कापलं ते न कळून. आपण कापलं ते?

मावशीनं मारलं नाही. संध्याकाळी तिनं चिंध्यांचं बोचकं वैजूपुढं टाकलं आणि सुई तिच्या हातात दिली.

"चीर तुजी, ठिगळ तू लाव. हुडक यातलं कंचंबी."

वैजूनं बोचकं उलथंपालथं केलं. हिरवं, पांढरं, काकांच्या धोतराचं. एकही तिला पसंत पडेना. मग ती उठली आणि आपला पिवळा, ठिपक्यांचा, काखेत घट्ट होणारा फ्रॉक घेऊन आली. त्याचा खिसा उसवून मावशीपुढं धरला.

"ह्यो लावतीस? नंदूच्या गोधडीला?" राहीचे डोळे विस्फारले.

"हो. म्हणजे कळू दे त्याला, आधी कोण आलं होतं ते."

मावशी तोंडावर पदर घेऊन हसली. ठिगळ वाकडं बसलं, बोटांतून दोनदा रक्त आलं; पण बरोबर मधोमध बसलं, सूर्यासारखं. आणि उरलेला अर्धा तुकडा त्या रात्रीपासून वैजूच्या अंगावर आला. वास नव्हता त्याला. तरी तिनं नाक लावलंच. राही पलीकडून टक लावून बघत होती. तिची संक्रांतीची गोधडी गेली होती.

लढाई संपली. मास्तरांच्या ट्रान्झिस्टरभोवती सगळी वस्ती जमली, कुणीतरी साखर वाटली, किल्ल्यात वैजूचं पाकिस्तान होणं एकदाचं सुटलं. चार दिवसांनी सूर्यभानकाका वैजूला पोचवायला निघाले. गाठोडं बांधताना मावशीला जांभळ्या तुकड्याचा काठ एका बाजूनं फाडलेला दिसला. राहीच्या दोन्ही वेण्यांना जांभळ्या फिती होत्या.

"म्या न्हाई देनार," राही दोन पावलं मागं सरून म्हणाली. "एवडं तूप खाल्लंस तू माजं."

वैजूनं त्या फितींकडं बघितलं. वाईट वाटलं, अगदी थोडंसं, सवयीनं. "ठेव," ती म्हणाली. "पण धुऊ नकोस फार."

चाळीत काळे कागद निम्मे खरवडलेले होते. आईनं दार उघडलं. पोपटी पातळ, काठापाशी जरा विटलेलं. तिनं वैजूला असं काही धरलं की काका जिन्यावरच घुटमळले. आत पाळण्यात नंदू झोपला होता.

गाठोडं सुटलं, गोधडी निघाली. आईनं ती उलगडली, जांभळं कापड ओळखलं, मग पिवळं ठिगळ ओळखलं.

"आई, हे पातळ तू कुणाला दिलं होतंस?"

"कुणाला म्हणजे? तुला! पदर चिमटीत धरल्याशिवाय झोप येते का तुला कधी? नुसता पदर कसा देणार, म्हणून सगळंच दिलं." आईनं गोधडी उलटसुलट केली. "हे काय झालं त्याचं?"

वैजूनं सांगितलं. धुतलं ते, कापलं ते, आणि पात्याचंही. शेवटचं सांगताना ती आईकडं न बघता भिंतीकडं बघत होती. मग म्हणाली, "तिच्यावर आधी मी झोपणार. एकदाच."

आईनं भिंतीला टेकून मांडी घातली, मांडीवर गोधडी घातली आणि वैजूला ओढून घेतलं. गोधडी केवढीशी! वैजूचं डोकं आणि खांदे मावले, बाकीची सगळी वैजू फरशीवर. आईचा हात केसांत आला, आणि तेवढ्यात पाळणा हलला. नंदू जागा झाला. आधी कुरकुरला, मग त्यानं गळा काढला.

वैजूनं डोळे मिटून घेतले. आता हात जाणार.

"थांब रे जरा," आई पाळण्याकडं बघून म्हणाली. "वैजू आलीय माझी."

हात केसांतच राहिला. नंदू रडत होता, आणि वैजूच्या गालाला आईच्या पोलक्यातून काहीतरी कोमट ओलं लागलं. दूध होतं ते. त्याच्या रडण्याला आलेलं. त्याचा वास तिच्या नाकात भरला. एसटीतला, ओढ्यात वाहून गेलेला, अगदी तोच. वैजूनं पोटभर श्वास घेतला, एकदा, परत एकदा. नंदूचा आवाज चिरका झाला.

"घे त्याला," ती उठून बसत म्हणाली. "नाहीतर चाळ गोळा करेल."

पोट भरल्यावर आईनं त्याला गोधडीवर ठेवलं. बिचाऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, हात आपटले आणि नेमकं पिवळं ठिगळ मुठीत धरून तोंडाकडं ओढलं. वैजूनं त्याच्या मुठीतून ते सोडवलं. त्यानं पुन्हा धरलं. तिनं पुन्हा सोडवलं.

"आई, बघ ना हा!"

आई बघतच होती. वैजूकडं.